आत उघडणारं दार

कमळाकर बेलापूरच्या रेगे नावाच्या आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. बारा वर्षं दुसऱ्यांची घरं काढली, तेव्हा कुठे शहाण्णव साली कामोठ्यात त्याचा स्वतःचा फ्लॅट झाला. त्या इमारतीचा नकाशाही त्याच्याच हातचा. आईला, मालतीबाईंना, त्याने हौसेने भिंतन् भिंत दाखवली.

चौथ्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि नेमकी दाराला अडून पडली. दार आत उघडणारं. तो ढकलायचा, आतून ती किंचाळायची. "नको रे ढकलू, हात मोडला माझा." सुतार येऊन दार कापेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर आवाज थांबला होता.

तेराव्यानंतर तो रविवारी वही घेऊन तसल्याच इमारतींत फिरू लागला. लोकांना विचारायचा, घरात काय नडतं? शेवंताबाई म्हणून एक गाववाली म्हातारी होती. ती म्हणाली, "आमी दारच काडून टाकलं. पडदा लावलाय. सून लाजते, पन मानूस आत मेला तर काय करायचं दाराला?" साठ घरांतल्या अकरा घरांत कोणी ना कोणी आत अडकलेलं निघालं. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

रेगे साहेबांनी वही उभ्या उभ्या चाळली.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, साहेब. म्हणून तर घरोघर फिरलो."

"संशोधन कॉलेजवाल्यांनी करायचं. दार बाहेर उघडलं की पॅसेज अडतो. पॅसेज वाढवला की हॉल बारका होतो. बाथरूम बघून फ्लॅट कोण घेतो रे?"

वही त्यांनी खणात टाकली.

नव्या सहा इमारतींच्या नकाशात कमळाकरने दारं गुपचूप बाहेर वळवली. साहेबांना ते कळलं. सगळ्या ऑफिससमोर त्यांनी त्याच्या हातात ब्लेड दिलं. "खरवड. एकेक." ट्रेसिंगवरची शाई खरवडताना कागद फाटू नये म्हणून तो श्वास रोखून बसला. घरी बायको, दोन पोरं. संध्याकाळपर्यंत सगळी दारं पुन्हा आत वळली. कुणीतरी हसलंही.

दोन वर्षांनी एका परिसंवादात साहेबांनी ती अकरा घरं वाचून दाखवली. "आमच्या ऑफिसचं निरीक्षण," म्हणाले. टाळ्या पडल्या. मागे प्रोजेक्टरपाशी कमळाकर स्लाइड्स बदलत होता.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तुम्ही दारं बदललीत?"

"पुढच्या कामात नक्की," साहेब म्हणाले.

त्या सहा इमारतींत तोवर माणसं राहायला आली होती.