मुहूर्तावर निघालेल्या ठिसूळ क्लिपा

माधवरावांनी नायलॉनची क्लिप जराशी वाकवली. टक्कन तुटली. अर्धी माझ्या कॉफीत पडली.

"बघा मॅडम. सेल्वमनं चांगला माल विकून भंगार मिसळलंय."

चेन्नईच्या गिंडी भागातल्या या कारखान्यात गाडीच्या दारांच्या क्लिपा बनतात. माधवराव मालक, तंजावरकडचे मराठी. रागावले की वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवतात. सेल्वम इथला वीस वर्षांपासूनचा सुपरवायझर. आज दुसरं कारण सापडलं नाही, तर चोर ठरून घरी जाणार होता. मी पॉलिमरवाली. मला बोलावतात ते काहीतरी मोडल्यावरच.

क्लिपवर चंदेरी रेघा दिसल्या आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. वितळलेल्या मालात वाफ कोंडली की अशा रेघा उमटतात. मी मालकांना सेल्वमचा हात धरायला लावला. दोन ऑपरेटरही ओढले. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"तुम्ही सगळे मोनोमर, म्हणजे छोटे रेणू. नायलॉनमध्ये ते असेच हात धरून लांब साखळी करतात, तीच पॉलिमर. प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. साखळी लांब, तर क्लिप चिवट."

"मग?"

"मशीनच्या उष्णतेत पाणी परत आत शिरलं, की जोड सुटतात." मी त्यांचे हात सोडवले. "साखळ्या आखूड, क्लिप ठिसूळ."

नायलॉनचे दाणे चेन्नईची दमट हवा पापडासारखी पितात. म्हणून मोल्डिंगआधी ते ड्रायरमध्ये चार तास गरम हवेत वाळवतात. ड्रायर कधी बंद होता, असं मी विचारलं. सेल्वमनं मालकांकडे पाहिलं. ड्रायरवर चंदन-कुंकू ताजंच होतं.

"आयुधपूजेला मीच बंद केला," माधवराव म्हणाले. "मशीनला विश्रांती नको?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

आता सेल्वम बोलला. "चार तास मागितले होते, सार. तुम्ही म्हणालात, नल्ल नेरम संपेल."

नल्ल नेरम म्हणजे कॅलेंडरवरची शुभ वेळ. ती साधायला ओल्या दाण्यांची पहिली क्लिप निघाली. मागून हजारो.

त्याच पोत्यातले दाणे आम्ही चार तास वाळवले. नवी क्लिप माधवरावांनी वाकवली, पिळली, शेवटी दातांत धरली. तुटेना. ते सेल्वमशी तमिळमध्ये काहीतरी हळू बोलले. तो मान डोलावून शिफ्ट लावायला गेला.

मुहूर्त साधायचाच, तर ड्रायरच्या बटणावर साधावा.