शिवणीतली माया

शिंपीणबाईंनी तीन वर्षं लेकीच्या गणवेशाची कंबर गुपचूप सैल केली. स्कर्ट शिवतानाच त्या आत बोटभर जादा कापड सोडत. शिवणकामात त्याला माया म्हणतात. कपडा घट्ट होतोय असं दिसलं, की लेक अंघोळीला गेल्यावर त्या शिवण उसवत आणि थोडी सरकवून पुन्हा मारत. पोरीच्या मनाला लागू नये, एवढाच हेतू.

मग शाळेत वजन-उंचीची तपासणी झाली, वजन बरंच वाढलेलं निघालं आणि बिंग फुटलं. चौदा वर्षांची लेक तरातरा दुकानात आली, स्कर्टची कड उलटी करून जुन्या टाक्यांची भोकं दाखवत म्हणाली, "आई, तू मला फसवलंस!"

दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. चौथ्या दिवशी वर्गात तिला भोवळ आली. बाई तिला दुकानात घेऊन आल्या.

बाईंची नणंद दुकानात काजं-बटणं करायची. ती म्हणाली, "अगं, आमचं घराणंच असं. रक्ताला काय करणार?"

"आत्या, दुकानात दिवसभर बिस्किटं कोण फस्त करतं? रक्त?" लेक फणकारली. "पण माझी मैत्रीणही माझ्याएवढंच खाते. ती कशी काडीसारखी?"

प्रश्न बाईंच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यांनी मापांच्या जुन्या वह्या काढल्या आणि लेकीला जवळ बसवलं. गिऱ्हाइकांत दोन जुळ्या बहिणी होत्या, अगदी हुबेहूब. दहाव्या वर्षापर्यंत दोघींची कंबर सारखीच, वर्गातल्या इतर मुलींपेक्षा जास्त. पुढे एक मामाकडे राहायला गेली. मामाची बेकरी. तीन वर्षांत तिची कंबर बहिणीपेक्षा तीन इंचांनी वाढली.

"म्हणजे रक्तही आणि खाणंही?" लेक वहीवर ओणवी झाली. राग कुठल्या कुठे गेला होता.

"मला तरी तसंच दिसतंय. माया रक्तातून येते, ती किती उसवायची ते ताट ठरवतं."

"मग माझं रक्ताचं किती आणि खाण्याचं किती?"

"ते टेपवर येत नाही गं. डॉक्टरीणबाईंना विचारू. आणि यापुढे माप तुझ्यासमोर घेईन."

"तुझं चौदाव्या वर्षाचं माप आहे?"

बाई घुटमळल्या. त्यांची आईही शिवणकाम करायची. तिची वही तळाशी होती. लेकीने आकडा वाचला आणि खो खो हसली. "अगं, तू तर माझ्याही पुढे एक इंच!"

"हो. आणि मीही उपास धरला होता. आठवडाभर टिकला. मग अशी भूक खवळली की समोर येईल ते खात सुटले. होतं त्यापेक्षा जाड झाले."

लेकीने डबा ओढला आणि झाकण उघडलं. पहिला घास घेता घेता तिने विचारलं, "आणि आजीचं माप?"

"ते कोण घेणार? तीच तर मापं घ्यायची," असं म्हणाल्या खऱ्या, पण बाई आणखी जुनी वही शोधायला उठल्या.