माझ्या ताब्यातील जमीन

ओमानमधल्या इब्री गावाच्या थोडं अलीकडे हमरस्त्यावरून एक कच्ची वाट डावीकडे उतरते. तीन किलोमीटरवर शेळ्यांचा एक गोठा, त्यापुढे खडीचं सपाट मैदान आणि मैदानाच्या टोकाला डोंगरात शिरणारी वादी, म्हणजे पावसापुरतं वाहणारं नदीचं पात्र. माझा नवरा सात हिवाळे तिथे मोटारसायकल चालवत होता. गेल्या हिवाळ्यात त्या वाटेच्या तोंडाशी पाटी लागली. विनापरवाना प्रवेश बंद. ती पाटी आमच्या अर्जामुळे लागली आणि अर्ज मी लिहिला होता.

नवरा इंजिनिअर आहे. व्हिसा कंपनीचा, मस्कतच्या अझैबा भागातलं घर कंपनीचं, कामाला जायची गाडीही कंपनीची. मोटारसायकल तेवढी त्याची होती. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून दोन शुक्रवारी, ती भाड्याच्या पिकअपवर चढवून पहाटे निघायचं आणि तीन तासांनी त्या मैदानात उतरायचं, हा क्रम. इब्रीच्या एका प्रकल्पावर नोकरीला असलेला नागपूरचा एक इंजिनिअर तिथे येऊन मिळायचा. तो एकटा राहत असे. बायको-मुलं नागपुरात. दोघं डोंगराकडे जात आणि मी गोठ्याजवळ पिकअपच्या सावलीत बसत असे.

गोठा एका वृद्ध ओमानी गृहस्थांचा होता. पत्रे, तारेची जाळी, झावळ्या आणि चाळीसेक शेळ्या. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. तरुणपणी मस्कतच्या बाजारात भारतीय दुकानदारांकडे माल वाहिल्यामुळे त्यांना कामापुरतं हिंदी येत होतं. पहिल्या दिवशी नवऱ्याने त्यांना विचारलं होतं, इथे गाडी चालवली तर चालेल का. ते म्हणाले, "मा फी मुश्किल." काही अडचण नाही. मग त्यांनी एकच अट घातली. विणीच्या दिवसांत गोठ्याजवळून इंजिन बंद करून, गाडी ढकलत न्यायची. दोघांनी ती सातही वर्षं पाळली. परवानगी म्हणायची तर ती एवढीच होती.

अर्जाचा विषय निघाला तो एका बातमीमुळे. दुसऱ्या भागातल्या एका मैदानातून काही मोटारसायकलवाल्यांना पोलिसांनी परत पाठवलं आणि त्यांची ओळखपत्रं तपासली, असं नवऱ्याच्या फोनवर आलं. बातमी खरी होती की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण ओळखपत्र म्हणजे व्हिसा, आणि व्हिसा म्हणजे नोकरी. त्या आठवड्यात नागपूरचा मित्र मस्कतला आला होता. जेवताना मीच म्हटलं, "रीतसर अर्ज करा ना. एकदा कागद हातात असला की प्रश्न मिटला."

मित्र हसला. "वहिनी, काहून झोपलेल्याला उठवून राहिल्या? आजवर कोणी विचारलं का आपल्याला?"

"विचारतील त्या दिवशी काय दाखवणार?"

"हेल्मेट दाखवू."

नवरा म्हणाला, "तिचं बरोबर आहे. अजून दोन हिवाळे आहेत माझे. ते धाकधुकीत नको घालवायला."

त्याचं कंत्राट दोन वर्षांनी संपणार होतं. पुढे पुण्यात ही गाडी चालवायला जागा नाही, हे त्याला माहीत होतं. एरवी तो अर्जबिर्जाच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. त्या दिवशी पडला.

"करा मग," मित्र म्हणाला. "पण सांगून ठेवतो भाऊ, वहिनी पेपरात होत्या. त्या अर्जात शेळ्यांचीही संख्या लिहितील."

मी पुण्याच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते. अर्जात मी शेळ्यांची संख्या लिहिली नाही. बाकी सगळं लिहिलं. कोण, किती जण, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळी, किती अंतर, कचरा परत कसा नेतो, झाडांपासून किती लांबून जातो. सोबत नकाशा जोडला आणि त्यावर दोघांची वाट लाल रेषेने दाखवली. वाटेच्या सुरुवातीला एक गोठा आहे आणि मालकाची हरकत नाही, हेही नमूद केलं. ते वाक्य वाचून नवरा म्हणाला, "मग त्यांची एनओसी जोडू या. नाहीतर नुसतं आपलं म्हणणं राहील."

आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय माणसाला एनओसी हा शब्द समजावावा लागत नाही. नोकरी बदलायची तर एनओसी, घर बदलायचं तर एनओसी. ती जोडली नाही म्हणून कागद परत आल्याचे अनुभव प्रत्येकाकडे आहेत. ती जोडल्यामुळे काही बिघडेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

अरबी मजकूर टाइप करून देणारी दुकानं मस्कतच्या हमरिया भागात आहेत. मी गेले त्या दुकानातला टायपिस्ट केरळचा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, ये आदमी जमीन का मालिक है?"

मी म्हटलं, "वहीं का आदमी है. बरसों से है."

त्याने मान हलवली, संगणकातला एक तयार नमुना उघडला, त्यात नाव आणि ठिकाण घातलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मला अरबी वाचता येत नाही. नवऱ्यालाही येत नाही. मी आकडे तपासले, जोडलेल्या नकाशाचा क्रमांक जुळतो का ते पाहिलं आणि पैसे देऊन बाहेर पडले. वर्तमानपत्रात मी न वाचता कधी एक ओळही छपाईला सोडली नव्हती. हा कागद सोडला.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. चष्मा घरी राहिला होता. "ये किसलिए?" त्यांनी विचारलं.

"ऑफिस के लिए, बाबा," मित्र म्हणाला. "हम लोग शरीफ हैं, ये बताने के लिए."

"वो तो हम मुँह से बोल देगा," बाबा म्हणाले. तरी सही केली. पाहुण्यांनी मागितलं होतं. मग सगळ्यांना कहवा दिला.

अर्ज दिल्यावर पाचव्या आठवड्यात मस्कतच्या जमीन खात्यातून बोलावणं आलं. कार्यालयातले अधिकारी तरुण होते, इंग्रजी उत्तम बोलत होते आणि पूर्ण वेळ सौजन्याने वागले. त्यांनी आधी चहा मागवला. नंतर सांगितलं, की ते मैदान सरकारी आहे, तिथे मोटारसायकल चालवण्याची तरतूद नाही आणि आता अर्ज आलेला असल्यामुळे तसं लेखी कळवणं भाग आहे. अर्ज आला नसता तर काय झालं असतं, असं नवऱ्याने विचारलं. ते म्हणाले, "मग माझ्यासमोर हा नकाशा नसता."

उठता उठता त्यांनी एनओसी पुढे सरकवली. तिची एक ओळ पेन्सिलीने अधोरेखित केलेली होती. त्यांनी तिचा अर्थ सांगितला. मी, खाली सही करणार, माझ्या ताब्यातील जमीन वापरण्यास हरकत घेत नाही. तो नमुना घरमालकांसाठीचा होता.

"हा माणूस सरकारी जमीन आपल्या ताब्यात आहे असं म्हणतो," ते म्हणाले. "त्याला आम्ही विचारलं आहे."

आम्ही सरळ इब्रीकडे निघालो. बाबा गोठ्यातच होते. त्यांनी चटई अंथरली, खजूर पुढे केले, कहवा ओतला आणि आमचं खाऊन होईपर्यंत विषय काढला नाही. नंतर म्हणाले, की दोनदा इब्रीला बोलावलं होतं. कागद मुलाने वाचून दाखवला. मुलगा खूप रागावला. जमिनीचा दाखला आणा, नाहीतर गोठा हलवा, असं सांगितलं आहे. दाखला नाही. वडील इथेच शेळ्या ठेवत. त्यांनाही कधी कुणी दाखला मागितला नव्हता.

"हम बोला नहीं था, जमीन मेरा है," ते नवऱ्याला म्हणाले. "कभी बोला?"

"नहीं बाबा."

"तो वही लिख दो. तुम लोग लिखता है ना."

त्यांनी एवढंच मागितलं.

तो दुसरा कागदही मीच तयार केला. हमरियात त्याच टायपिस्टकडे बसून प्रत्येक ओळ हिंदीत परत वाचून घेतली, दोनदा. या जमिनीवर सही करणाऱ्याने कधीही हक्क सांगितलेला नाही. सही त्याला मजकूर न समजावता घेण्यात आली. अर्जदार सात वर्षं तिथे कुणाच्याही परवानगीशिवाय गेले. शेवटचं वाक्य घालू नका, असं मित्र फोनवर म्हणाला. ते खोटं आहे, विणीच्या दिवसांत आपण गाड्या ढकलत होतो ते कुणाच्या शब्दावर, असं त्याने विचारलं. पण परवानगी मिळाली होती असं लिहिलं असतं, तर ती दिली कुणी, हा प्रश्न पुन्हा आला असता. नवऱ्याने सही केली. सही करताना त्याने मजकूर विचारला नाही.

अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे वाचला आणि फाईलला लावला.

"ठीक," ते म्हणाले. "म्हणजे जमीन त्याची नाही, हे आता स्पष्ट झालं. मग तिथे गोठा कसा?"

नवऱ्याने, हा म्हातारा माणूस आहे, पूर्वीपासून आहे, असं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी तेही ऐकून घेतलं. पूर्वीपासून असणं हा वेगळा अर्ज आहे, म्हणाले. तो ज्याचा त्याने करायचा असतो आणि त्याला पुरावे लागतात. पहिल्या कागदाने गोठा अतिक्रमण ठरला होता. दुसऱ्याने त्यावर शिक्का बसला. दोन्ही कागदांत चूक एकही नव्हती, असं त्या कार्यालयाच्या बाजूने म्हणता येईल.

पाटी पंधरा दिवसांत लागली. गोठा पाटीच्या आत तीन किलोमीटरवर, त्यामुळे तो आहे की नाही, हे आम्हाला रस्त्यावरून दिसत नाही. बाबांच्या मुलाने नवऱ्याचा फोन एकदा उचलला आणि वडिलांना पुन्हा फोन करू नका, असं इंग्रजीत सांगितलं. मोटारसायकल विकायची जाहिरात नवऱ्याने स्वतःच लिहिली. मला दाखवली नाही.

मार्चमध्ये नागपूरच्या मित्राचा फोन आला. तो शेळ्यांच्या बाजारावरून चालला होता. बाबांची पिकअप दिसली म्हणाला. मागे शेळ्या आणि टपावर पत्रे बांधलेले.

"विकायला आणल्या होत्या, का दुसरीकडे नेत होते?" मी विचारलं.

"नाही विचारलं, वहिनी."

"अहो, थांबायचं तरी."

"थांबलो नं. लांब उभा राहिलो. कोणत्या तोंडाने जवळ जाऊ?"

पत्रे किती होते, असं मी त्याला विचारलं. त्याने मोजले नव्हते.