अण्णांचे मस्क ऑक्स आणि मंडळाचं मोरया

अण्णा गेल्याचं मला त्यांच्या शेजारच्या जयाक्कांनी सांगितलं. खोलीतूनच लॅपटॉपवर सकाळची ऑफिसची मीटिंग चालू होती आणि त्यांचा फोन... "मुक्ता, अण्णा एळ्तिल्ला कणम्मा. बेगा बा." अण्णा उठत नाहीयेत, लवकर ये. मी कोरमंगलाच्या पीजीतून चप्पल घालून तशीच पळाले, रिक्षात बसले, आणि बनशंकरीला पोचायच्या आत, म्हणजे अजून डॉक्टरांनी कागदावर सहीसुद्धा केली नव्हती हो, आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काळ्या चौकटीचा फोटो येऊन पडला होता! कुणी कळवलं देव जाणे. 'निसर्गप्रेमी अण्णा अनंतात विलीन.' वर अण्णा, खाली बर्फ, आणि बर्फात उभा एक... याक. गळ्यात लाल गोंडे, पाठीवर खोगीर. मनालीत लोक ज्याच्यावर बसून फोटो काढतात ना, तसला. ज्या माणसाने उभं आयुष्य मस्क ऑक्स या एका जनावराचा ध्यास घेतला, त्याच्या श्रद्धांजलीत याक! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि एकालाही काही खटकलं नाही. रिक्षात मला रडायचं होतं, पण इतका संताप झाला की रडूच येईना.

अण्णा म्हणजे माझे सख्खे काका, बाबांचे मोठे भाऊ. तरुणपणी बेंगळुरूला आले ते इथल्या सरकारी कारखान्यात गियर डिझाइन करायला, आणि इथलेच झाले. काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. मी नोकरीसाठी पुण्याहून इथे आल्यावर दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. लोक लिहितायत की अण्णा प्रेमळ होते, हसतमुख होते. अजिबात नव्हते! अण्णांना जवळजवळ सगळ्या गोष्टींचा तिटकारा होता. लग्नातले डीजे, मोटिव्हेशनल स्पीकर, सोसायटीची मीटिंग, 'गुड मॉर्निंग'चे गुलाब, आणि माझी स्टार्टअप तर फारच. "तुम्ही नक्की बनवता काय?" असं त्यांनी मला प्रत्येक रविवारी विचारलं आणि प्रत्येक रविवारी माझं उत्तर अर्ध्यात तोडून ते म्हणाले, "सुम्ने इरु." कन्नडमधलं गप्प बस. हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. रिक्षावाल्याला 'सुम्ने', टीव्हीवरच्या अँकरला 'सुम्ने', मला तर नाश्त्याच्या आधीच 'सुम्ने', कारण मी बोलायला लागले की थांबत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

एकच प्राणी होता ज्याच्याबद्दल अण्णा कधी तुच्छतेने बोलले नाहीत. मस्क ऑक्स. उत्तरेकडच्या गोठलेल्या प्रदेशातलं जनावर, गुडघ्यापर्यंत लोंबणारे केस, कपाळावर मधोमध भांग पाडल्यासारखी शिंगं. "दिसायला रेडा, पण नात्याने बकरीच्या जवळचा," अण्णा सांगायचे. "आपल्या मंडळाच्या अध्यक्षासारखा. फक्त हा घाबरत नाही." लांडगे आले की मस्क ऑक्स पळत नाहीत. पिल्लांना मध्ये घेतात, गोल करतात, डोकी बाहेर करून उभे राहतात. पाठ दाखवत नाहीत. हे अण्णांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगू शकते. तरुणपणी कारखान्याने त्यांना नॉर्वेला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथल्या डोंगरात मस्क ऑक्स राहतात, गाइड पायी चालत नेऊन दाखवतो, हे त्यांना तिथेच कळलं. सुट्टीचा एकच रविवार होता, बुकिंग केलेलं होतं. आणि बरोबर आलेला साहेब म्हणाला, "अरे, आमच्या हिच्यासाठी जरा खरेदी करायचीये, पिशव्या धरायला चल." अण्णांनी रविवारभर साहेबाच्या बायकोचे स्वेटर उचलले. त्या साहेबाचं नाव त्यांनी नंतर आयुष्यात कधी घेतलं नाही. 'तो स्वेटर' म्हणायचे!

तर आमच्या मंडळाची नॉर्वेची टूर निघाली तेव्हा अण्णांनी नाव दिलं, याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. कारण मंडळाबद्दल त्यांचं मत जगजाहीर होतं. पण हृदयाची झडप बिघडली होती, डॉक्टरांनी एकट्याने जायला सरळ नाही म्हटलं होतं, आणि पुढच्या वर्षीचा भरवसा अण्णांना स्वतःलाच नव्हता. सोबत म्हणून मी. पण मस्क ऑक्सचा दिवस टूरमध्ये नव्हताच! तो घ्यावा म्हणून अण्णांनी मंडळाच्या हॉलमध्ये उभं राहून चक्क स्लाइड्स दाखवल्या. अण्णांनी! विनवण्या! मीनलकाकू, म्हणजे अध्यक्ष प्रमोदकाकांच्या मिसेस, पहिल्या स्लाइडलाच म्हणाल्या, "अय्या, एवढ्या लांब जाऊन म्हशीच बघायच्या? त्या काय, आपल्या होस्केरेहळ्ळीलाही आहेत की." सगळे हसले. अण्णांनी त्या हशावर आवाज चढवला नाही, नुसते थांबले, हसणं संपल्यावर पुढची स्लाइड लावली. माझ्या डोक्यात तो थांबलेला माणूस अजून तसाच उभा आहे. शेवटी प्रमोदकाकांनी उदार मनाने परवानगी दिली. का, तर डोंगरावर त्यांना मंडळाचा बॅनर लावून फोटो हवा होता.

आणि मग तो दिवस. गाइड होती इंग्रिड नावाची मुलगी, माझ्याच वयाची असेल. निघायच्या आधी तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं. दोनशे मीटरच्या आत जायचं नाही. ग्रुप सोडून कुणी मागे-पुढे व्हायचं नाही. आणि दिसले की आवाज नाही, अगदी कुजबुजसुद्धा कमी. प्रमोदकाका म्हणाले, "येस येस, नो प्रॉब्लेम मॅडम," आणि वळून मराठीत, "शाळेत असल्यासारखं वाटतंय राव." चढ फार नव्हता, पण लांब होता, दगडगोट्यांचा, खुरट्या झुडपांचा, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी. अण्णा दर थोड्या वेळाने काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे. ओठ निळसर व्हायचे. इंग्रिड काही न बोलता तिथेच थांबायची, लांबवर दुर्बीण लावल्यासारखं करायची, म्हणजे अण्णांना वाटू नये की ती त्यांच्यासाठी थांबलीये. आणि आमची मंडळी? "अण्णा, जमत नसेल तर खाली थांबायचं होतं ना." "अण्णा, चला चला, म्हशी वाट बघतायत." चिवड्याची पाकिटं फोडणं चालू. एकाच्या मोबाइलवर स्पीकरवर भावगीत. डोंगर पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाने निदान डोंगराकडे बघावं की नाही? हे एकमेकांचे फोटो बघत होते.

मला सारखी भीती वाटत होती की अण्णांना वर पोचताच येणार नाही. पण आले! एका उंचवट्याच्या कडेला इंग्रिडने हात वर केला, सगळ्यांना खाली बसवलं, आणि बोट दाखवलं. समोरच्या उतारावर... आधी मला काळे दगड वाटले. मग एक दगड हलला. बापरे! अख्खा कळप होता, पिल्लासकट. वाऱ्याने त्यांचे केस एका बाजूला उडत होते, आणि वाफ, नाकातून निघणारी वाफ दिसत होती दुर्बिणीतून. मी फोन काढून व्हिडिओ चालू केला आणि तोंड मिटलं. मी! अण्णा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, मग काढली, मग डोळे पुसले, मग परत लावली. काचांवर बाष्प आलं असावं. एक मोठा नर डोकं उचलून आमच्याकडे बघायला लागला. अगदी आमच्याकडे. आणि पळाला नाही. अण्णांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला, इतकी शांतता होती.

आणि मागून प्रमोदकाका उभे राहिले. हातात बॅनर. आमच्या लोकांना एक सवय असते ना, कुठल्याही डोंगराच्या टोकाला पोचलं की करायची? दोन्ही हात वर करून, छाती फुगवून... "गणपती बाप्पाऽऽ!" आणि सगळ्यांनी एका सुरात, "मोरयाऽऽ!"

कळप वळला. पिल्लू मध्ये, मोठे बाजूने, आणि धडधडत पलीकडच्या उताराला नाहीसा झाला. जेमतेम काही क्षण. लांडग्यांसमोर उभं राहणारे ते प्राणी आमच्या मंडळाला पाठ दाखवून पळाले. आणि मंडळी टाळ्या वाजवत होती! त्यांना वाटलं, वा, काय छान धावले. मीनलकाकू विचारत होत्या, "परत येतील ना गं? माझा कॅमेरा चालू नव्हता." इंग्रिडचा चेहरा पांढरा पडला होता. तिने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि सांगितलं, खाली उतरायचं. अण्णा म्हणाले, मी इथेच बसतो, तुम्ही जा. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली की एकट्याला सोडणं नियमात बसत नाही, आय अ‍ॅम सो सॉरी. अण्णा उठले. वाद घातला नाही. आयुष्यभर ज्याच्या-त्याच्याशी भांडलेला माणूस तिच्याशी एका शब्दाने भांडला नाही, आणि मला ते सगळ्यात वाईट वाटलं.

उतरताना इंग्रिड एका झुडपापाशी थांबली. फांदीला काहीतरी करडं अडकलं होतं. तिने ते अलगद सोडवलं आणि अण्णांच्या तळहातावर ठेवलं. मस्क ऑक्सची आतली लोकर, उन्हाळ्यात गळते ती. अण्णांनी मूठ मिटली ती हॉटेलपर्यंत उघडली नाही. रात्री जेवताना मला म्हणाले, "त्या मुलीला अक्कल आहे. बोलली नाही." मग बराच वेळ सूप ढवळत बसले, आणि माझ्याकडे न बघता, "तूही गप्प होतीस." बस. मला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी. मी अप्रेजलमध्ये पण एवढी खूश झाले नव्हते.

हे सगळं मी कुणाला सांगणार नव्हते. खरंच. पण अण्णा गेल्यावर मंडळाने शोकसभा ठेवली आणि प्रमोदकाकांचा मला फोन आला. "मुक्ता बेटा, तुझ्याकडे तो डोंगरावरचा मोरयावाला व्हिडिओ आहे ना? तो लावू आपण. अण्णांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता तो." मी विचारलं, "काका, तुम्ही बघितलाय तो?" "अगं, आम्ही तिथे होतो ना!" मग म्हणाले, थोडा एडिट करून पाठव, म्युझिक घाल. मी म्हटलं, "नको काका, ओरिजिनलच छान आहे."

शोकसभेत आधी दोन मिनिटं शांतता होती. म्हणजे असायला हवी होती! कुणी एसीबद्दल बोललं, कुणाला कुरिअरवाल्याचा फोन आला, आणि मीनलकाकू शेजारणीला चिकपेटला साड्यांचा सेल लागलाय ते सांगत होत्या. प्रमोदकाकांनी स्वतःच मध्येच घसा खाकरून शांतता संपवली. मग भाषण. अण्णांनी डोंगराच्या माथ्यावर आमच्याबरोबर मोरयाचा गजर केला, त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते... अहो, पाणी होतं हे खरंय. तेवढंच खरंय. अण्णांची सगळ्यात मोठी हार हे लोक त्यांचा सगळ्यात आनंदाचा क्षण म्हणून हॉलमध्ये वाटत होते, समोशांबरोबर. याक परवडला! आणि उद्या बाबासुद्धा तीच गोष्ट सांगायला लागले असते, कारण बाबा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. मी उठले, लॅपटॉपला फोन जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला.

पडद्यावर उतार आला. वारा. काळे दगड, हललेले दगड. तो मोठा नर डोकं उचलून हॉलकडे बघत होता. लोक कौतुकाने पुढे झुकले. मग मोरया. मग कळप पळाला, आणि टाळ्या, आणि हॉलमध्येसुद्धा दोघा-तिघांनी टाळ्या सुरू केल्या. आणि त्या टाळ्यांच्या वरून, कारण फोन अण्णांच्या अगदी जवळ होता, अण्णांचा आवाज आला. डोंगरावर तो मंडळींत कुणाला ऐकू गेला नव्हता, टाळ्यांमुळेच. "सुम्निर्रो! गप्प बसा की रे, गाढवांनो..." आणि मग एकदम खालच्या आवाजात, ओळखू येऊ नये इतका केविलवाणा, "लांडगे आले तरी उभे राहतात रे ते... एवढंच बघायचं होतं मला."

व्हिडिओ तिथे संपतो.

कुणी हललं नाही. एसी नाही, कुरिअर नाही, साड्या नाहीत. प्रमोदकाका माइक धरून उभे होते आणि माइकमधून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाबांनी मान खाली घातली होती. मंडळाच्या इतिहासातली पहिली खरी शांतता असेल ती, आणि दोन मिनिटांच्या पुढे गेली असणार. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलं. कारण विचारायला मी गेले नाही, आणि 'गुड मॉर्निंग'चे गुलाब बंद झाले हा बोनस. कळलंय की प्रमोदकाका हल्ली सांगतात, अण्णा शेवटी-शेवटी जरा चिडचिडे झाले होते. शेवटी-शेवटी! अण्णा जन्मापासून चिडचिडे होते हो, आणि त्यांना तशी कारणं तुम्ही रोज पुरवत होतात.

बनशंकरीच्या घराची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. रविवारी मी जाते, बाल्कनीतल्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसते. कठड्यावर त्यांचं चष्म्याचं घर असतं, चष्मा नाहीये त्यात, ती लोकर आहे. करडी, इतकी हलकी की हातावर ठेवली तर आहे की नाही कळत नाही, आणि थोड्या वेळाने तळहात ऊबदार होतो. खाली गल्लीच्या तोंडाशी मंदिराजवळचा एक बैल उभा असतो, रस्त्याच्या मधोमध, कुणालाच न मोजता. अण्णा तासन्‌तास त्याला बघायचे. मीही बघते. फोन आत ठेवते, बोलत नाही, माझी मीच चकित होते. गेल्या रविवारी एक मोठी पांढरी गाडी आली आणि बैलासमोर थांबून हॉर्न द्यायला लागली. देतच राहिली. बैलाने डोकं उचललं, गाडीकडे बघितलं आणि जागचा हलला नाही. मी हातातल्या लोकरीवर मूठ मिटून उभी राहिले, कठड्यावरून वाकले, आणि आख्खी गल्ली वर बघेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "सुम्निर्रो!"