राजकन्याच्या रक्ताचा गोंधळ

राजकन्या शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात राहते, घरी ब्लाऊज शिवते. नवरा सुदाम तूरडाळीचा टेम्पो घेऊन हैदराबादला जातो-येतो. पहिली दोन बाळं पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच गेलेली. म्हणून तिसऱ्या खेपेला दिवस गेल्याचं कळताच ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. रक्ताचा रिपोर्ट आला तशी सिस्टरनं तिला बाजूला घेतलं.

"मालक बाहेरगावी असतात का?"

"हाव, गाडीवर असतात."

"गुप्तरोगाची तपासणी पॉझिटिव्ह आलीय. त्यांनाबी घेऊन ये."

शब्द कळला, पण तो आपल्यासाठी आहे हे राजकन्याला कळेना. घरी येऊन तिनं सुदामला सांगितलं.

"आईची आन, मी कुठं गेलो न्हाई," तो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन आला. त्याचं रक्त साफ निघालं.

मग तर काहीच उमगेना. सासू केवळाबाई बोलेनाशी झाली. सुदाम टाकून बोलला नाही, पण ओसरीवर झोपायला लागला. आपण काही केलेलं नाही हे राजकन्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मशीनवर बसलं की मन शोधत राहायचं. लग्नघरचा संडास असेल का? कुण्या दवाखान्यातली सुई? टाके चुकायचे, उसवून पुन्हा घालायची.

शेवटी तिनंच हट्ट धरला, "मला लातूरला दाखवा."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरीच तपासणी केली, गेलेल्या बाळांचं खोदून विचारलं.

"तुला तो रोग नाही," बाई म्हणाल्या.

"मग ते पॉझिटिव्ह कसं आलं?" सुदामनं विचारलं.

"रोगाशी लढायला रक्तात अँटीबॉडी असतात. हिच्या काही अँटीबॉडी हिच्याच शरीराला चिकटतात. त्या तपासणीत वापरतात तो पदार्थही शरीरातल्यासारखाच असतो. त्याला चिकटल्या, तपासणी फसली."

"म्हंजी मी बरी हाय?" राजकन्या म्हणाली.

"नाही गं. त्या अँटीबॉडींमुळं बाळाला पोसणाऱ्या वारेत रक्त गोठतं. तुझी बाळं बहुतेक त्यानंच गेली."

हसावं का रडावं तिला सुचेना. "माझंच रक्त माझ्यावर का उलटलं?"

"ते आम्हालाही नीट कळलेलं नाही," बाई म्हणाल्या.

रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात इंजेक्शन सुरू झालं. सुदाम टोचायला शिकला. तो गाडीवर असला की ती स्वतःच टोचून घ्यायची. "रोग न्हाई तर सुया कशाला?" केवळाबाई विचारायची. राजकन्या समजावायला लागायची आणि मध्येच तिचंच बोलणं तिला अडायचं.

महिनाभर आधीच मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. नाव ठेवलं अक्षरा. राजकन्याच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या अजून चालूच आहेत.

परवा पोरीला मांडीवर घेऊन सुदामनं विचारलं, "तवा तुला माझा संशय आला होता?"

"आला होता. तुमचा आला, माझाबी आला," ती म्हणाली. "तुमाला?"

तो पोरीला खांद्यावर टाकून अंगणात फिरवायला गेला.