अर्धं पान आईचं, अडीच पानं बेडकांची

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. मालक म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, आणि धाकटा भाऊ तर हक्काने म्हणे. दिवसभर फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडेवरून बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायची. संध्याकाळी तीन जिने चढून ताई दारात आली की आतून हाक तयारच. "आलीस का गं? मला जरा उठवून बसव."

आई पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत ताई एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. आता ती इतकी थकली होती, की यंत्रासमोर बसल्या जागी तिचा डोळा लागे. मागच्या महिन्यात त्यापायी तीन काचा वाया गेल्या. मालक काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं फार दिवस टिकणार नाही हे तिला कळत होतं.

अशा बाईने घरात बेडकं पाळावीत म्हणजे कमालच म्हणायची. आणि तीही विषारी जातीची! एका गिऱ्हाइकाच्या घरी चष्मा पोचवायला गेली होती, तिथे काचेच्या पेटीत तिने ती पहिल्यांदा पाहिली. अंगठ्याएवढी, निळीशार, पाठीवर काळे ठिपके. चष्मा हातात तसाच धरून ती अर्धा तास उभी राहिली. वर्षभराने तशीच एक जोडी तिच्या घरी आली. आणली होती विरंगुळा म्हणून, पण या बाईच्या नशिबी विरंगुळाही राबवून घेणारा. सकाळ-संध्याकाळ पेटीत गाळलेल्या पाण्याचा फवारा मारायचा. दर रविवारी उकडलेला बटाटा, काळं पडलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट बरणीत कालवून न उडणाऱ्या बारीक माश्यांची नवी पैदास लावायची. एक रविवार चुकला की पुढे बेडकं उपाशी.

"लोक बसून माश्या मारतात, आमची ही राबून माश्या वाढवते," आई येईल त्याला सांगायची. येणारं तरी कोण होतं म्हणा! शेजारीण 'विषारी' ऐकल्यापासून उंबरठा ओलांडत नव्हती. रानातले मुंग्या-किडे खाऊन या बेडकांच्या अंगात विष येतं, घरच्या माश्यांवर वाढलेल्यांत ते राहत नाही, हे ताईने तिला दहादा सांगितलं. शेजारीण मान डोलवायची आणि दाराबाहेरूनच बोलायची.

शेवटी भावालाच दया आली. "ताई, मी आठ दिवस रजा काढून येतो. तू जा कुठेतरी."

समुद्राकाठी राहणारी एक मैत्रीण पाच वर्षांपासून म्हणत होती, ये आणि नुसती झोप. पण नेमकी तेव्हाच पेटीत नारळाच्या करवंटीखाली अंडी घातलेली. नर त्यांच्यावर बसून ती ओली ठेवत होता. आज ना उद्या त्यांतून पिल्लं निघणार, बाप ती पाठीवर घेऊन पाण्याच्या वाटीत नेऊन सोडणार.

"पुढच्या महिन्यात बघू," ताई म्हणाली.

"तुला जायचंय की नाही?"

जायचं होतं. इतकं जायचं होतं, की नुसत्या विचारानेच तिला रडू येत होतं. मग शनिवारी दुपारी बसून तिने सगळं कागदावर लिहून काढलं आणि ते कागद फ्रिजवर लावले.

रविवारी सकाळी भाऊ बॅग घेऊन हजर झाला. टॅक्सी यायला अर्धा तास होता. त्याने कागद वाचले आणि खो खो हसत सुटला. "आईसाठी अर्धं पान आणि बेडकांसाठी अडीच पानं! कमाल आहे हं ताई!"

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "बघू इकडे."

ताईनेच काचा घासून बसवलेला चष्मा लावून आईने आपलं अर्धं पान वाचलं. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा फोन, चहात साखर नको. संपलं.

"आई, बेडकांना बोलता येत नाही गं. तू हाक तरी मारतेस." खरं होतं ते, पण बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

"मारते खरी," आई म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली.

ताईने पेन घेतलं, कोरे कागद घेतले आणि पलंगाच्या कडेवर बसून लिहायला लागली. डाव्या कुशीवर झोपवू नये. पाणी विचारलं की नको म्हणते. पेला ठेवून निघून जायचं, मग पिते. डोळे मिटले तरी रेडिओ बंद करायचा नाही. संडासला नेताना काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे तिला लाजल्यासारखं होत नाही. एक पान भरलं, दुसरं भरलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. खांद्यावरून वाचणाऱ्या भावाचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"ताई, हे सगळं तू रोज करतेस?"

"अजून संपलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला. हे दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. "टॅक्सी परत पाठव."

आईने हात पुढे करून सगळे कागद घेतले. ताजी लिहिलेली पानं घडी घालून स्वतःच्या उशीखाली सारली आणि अर्धं पान मुलाच्या हातात दिलं.

"हे एवढंच जमेल याला. आठ दिवस मी अर्ध्या पानावर काढीन. बेडकांची अडीच राहू देत, त्या बिचाऱ्यांना अर्ध्यावर भागवता यायचं नाही. आणि मी हाका मारीन, पण तुला नाही. ऊठ, जा आता."

ताई तीन जिने उतरली. टॅक्सीत बसल्यावर तिला रडू फुटलं, पण दुसरा चौक यायच्या आतच तिला झोप लागली.