कांबोजातली प्रदक्षिणा

शेषावर पहुडलेला असूनही ज्याच्या स्मरणातून एकही जीव सुटत नाही, त्या नारायणाला साष्टांग नमस्कार करून हे लिहायला बसलो आहे. निमित्त असे, की कांबोज देशी, म्हणजे आजच्या कंबोडियात, आम्ही पतिपत्नी जी आठवडाभराची सहल करून आलो, तिला या मार्गशीर्षात एक वर्ष पूर्ण होत आहे. सहलीतल्या प्रत्येकाने आपल्या आठवणी लिहून इतरांना वाचायला द्याव्यात, असे परतताना ठरले होते. बाकीच्यांनी केव्हाच दिल्या. माझेच राहून गेले होते.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मी पत्नीला या देशाविषयी सांगितले होते. समुद्रापलीकडे एक देश आहे, तिथले जुने दगड आपल्या भाषेत बोलतात, तिथे विष्णूचे एवढे मोठे मंदिर आहे की सबंध गाव त्यात मावेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले होते, "मला दाखवाल?" मी हो म्हटले होते. पुढे संसार झाला, मुलगा मोठा झाला, मी निवृत्त झालो, आणि मग तिचे विसरणे सुरू झाले.

प्रथम आमटीत मीठ दोनदा पडू लागले. मग देवळातून घरी येण्याची वाट हरवली. मग शेजारणींची नावे, भावंडांची नावे, नातीचे नाव. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गेलेले परत येणार नाही, आहे ते जपा आणि रोजचा क्रम मोडू नका. परंतु एक गोष्ट मात्र जात नव्हती. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही विष्णूची सहस्र नावे म्हणत असू, एक ओळ मी आणि पुढची ओळ ती. त्यात तिची एक मात्राही कधी चुकली नाही. आयुष्य पाठांतरात गेलेल्या माणसाला, जे पाठ आहे ते जिवंत आहे असेच वाटत असते. माझ्या मनाने घेतले की तिला त्या मंदिरापुढे नेऊन उभे केले, तर ज्या धाग्याला ही नावे अजून धरून आहेत त्याच धाग्याने बाकीचेही वर येईल. सगळे नको होते मला. त्या दिवसांत ती मला "अहो" म्हणे, परंतु रिक्षावाल्यालाही माणूस "अहो" म्हणतो. पूर्वीचे, केवळ माझ्यासाठी असलेले "अहो" मला एकदा ऐकायचे होते. त्यासाठी मी निघालो.

ठाण्यात बाळकुमच्या नव्या इमारतींत राहणारा आमचा मुलगा मुद्दाम समजवायला आला. "बाबा, आईला घरातलं न्हाणीघर सापडत नाही, आणि तुम्ही तिला परदेशात नेताय," तो म्हणाला. तो जाताना तिच्यासाठी चालायचे नवे बूट ठेवून गेला.

मंडळी मोजकीच होती. आम्हांला नेणारी मुलगी कळव्याची, चटपटीत आणि मनाने मऊ. कल्याणच्या दोघी बहिणी होत्या. त्यांपैकी थोरलीने बाजारपेठेत नवऱ्यामागे धान्याचा व्यापार सांभाळलेला. तिने विमानातच पत्नीचा हात आपल्या हातात घेतला आणि तो जवळजवळ सोडलाच नाही. पहिल्याच जेवणाला तिने ताटाकडे बघून फर्मावले, "काकू, इथं भाजीतसुद्धा मासा पोहतो. आपण आपले लाडू काढू." पत्नी मोठ्याने हसली. तिचे तसले हसणे मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. एका लहानशा देवालयात आमच्या तिथल्या मार्गदर्शकाने दाराच्या दगडी चौकटीवर कोरलेला लेख दाखवला. लिपी मला सर्वस्वी परकी. परंतु त्याने पहिल्या दोन ओळी उच्चारून दाखवल्या, आणि ती भाषा माझ्या घरातली निघाली. मी पत्नीला म्हटले, "ऐकलंस? दगड बोलले." ती म्हणाली, "हो, छान आहे," आणि बाकावर बसून बूट सोडू लागली.

मोठ्या मंदिराचा दिवस आला तेव्हा मी पेटीतून धोतर आणि उपरणे काढले. विष्णूच्या दाराशी विजार घालून जाणे मला रुचेना. मंदिराच्या बाहेरच्या गोपुरात आठ हातांची उंच विष्णुमूर्ती आहे. तिथले लोक अजूनही तिला वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात. पत्नी तिच्यापुढे थांबली, हात जोडले, आणि न सांगता नावे म्हणू लागली. एक ओळ म्हणून ती थांबली, कारण पुढची माझी होती. मी ती म्हटली. आजूबाजूची माणसे बघत राहिली. त्या क्षणी मला वाटले की डॉक्टर चुकले, मुलगा चुकला, आणि मी तेवढा बरोबर निघालो.

पुढे लांबच लांब दगडी ओवऱ्या लागतात. त्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्रापासून लंकेपर्यंतची युद्धे, स्वर्ग आणि नरक, सारे कोरलेले आहे. मार्गदर्शक आत शिरताच उजवीकडे वळला. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, आणि इथली चित्रे गाभारा डाव्या हाताला ठेवून बघायची असतात, असे त्याने सांगितले. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. राजाच्या अंत्यविधीशी याचा संबंध असावा असे काही विद्वान मानतात, हे मी वाचलेले होते. श्राद्धात आपण जानवे अपसव्य करतो, तसाच हा अपसव्य मार्ग, असे मी मंडळींना समजावून सांगितले. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. पत्नी दोघी बहिणींबरोबर जरा मागून येत होती.

आम्ही दक्षिणेच्या कोपऱ्यापाशी पोचलो तोच धाकटी बहीण धापा टाकत आली. "काका, काकू तुमच्याजवळ आल्यात ना? ताईनं फोटो काढायला एक मिनिट हात सोडला, तेवढ्यात दिसेनाशा झाल्या." कळव्याच्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. कोणी मंदिरापुढच्या तळ्याकडे धावले, कोणी मोठ्या फाटकाकडे. थोरली बहीण एका खांबाला टेकून रडू लागली. तिने पाण्याकडे पाठ केली होती. पाण्यात काय बघावे लागेल याची तिला भीती वाटत होती.

मीही प्रथम फाटकाकडेच निघालो होतो. मग एकाएकी लक्षात आले आणि पाय थांबले. देवाला डाव्या हाताला ठेवून ही बाई आयुष्यात कधी चाललेली नाही. गणपतीच्या देवळात, पिंपळाच्या पारावर, कुठेही मी बोलण्याच्या नादात उलटा वळलो, की ती माझी बाही धरून मला सरळ करी. घराची दिशा गेली, माणसांची नावे गेली, पण ही दिशा तिच्या पायांत होती. आम्ही सगळे उजवीकडे वळलो तेव्हा ती एकटी, कोणाला काही न सांगता, डावीकडे वळली असणार. मी कळव्याच्या मुलीला पश्चिमेच्या दाराशी उभे राहायला सांगितले. पत्नीला शोधण्याची गरजच नव्हती. ती तिच्या वाटेने आणि मी माझ्या वाटेने चालत राहिलो, तर भेट चुकणार नव्हती.

हे मला कोणीही न सांगता कळले, याचा त्या वेळी झालेला आनंद मी लपवत नाही. कितीतरी दिवसांनी मी तिच्या मनात काय आहे ते ओळखले होते. नरकाच्या शिक्षा कोरलेल्या भिंतीजवळून मी जवळजवळ धावतच गेलो. पूर्वेच्या बाजूला वळलो, तिथे समुद्रमंथन आहे, देव आणि दानवांची अखंड रांग. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून ती येत होती. हात जोडलेले, पदर खांद्यावरून घेतलेला, देवळात चालतात त्या सावकाश पावलांनी, गाभारा उजव्या हाताला ठेवून. मी जागीच उभा राहिलो.

ती माझ्यासमोर आली आणि थांबली. माझे धोतर, उपरणे बघितले. मग वडीलधाऱ्याची चूक दाखवताना माणूस जसे बोलतो, तसे हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुम्ही उलटे आलात."

मी काही बोलण्याआधीच तिने विचारले, "आमचे हे दिसले का हो कुठे? बरोबरच होते. बोलत बोलत पुढे जातात, आणि मग मलाच शोधत बसतात."

"अगं, मीच," मी म्हणालो.

परक्या पुरुषाने "अगं" म्हटल्यावर घरंदाज बाई जशी एक पाऊल मागे घेते, तशी ती मागे सरली. चेहऱ्यावर राग नव्हता, संकोच होता. पदर तिने दुसऱ्या खांद्यावरूनही ओढून घेतला. तिला भीती वाटू नये एवढेच मला त्या क्षणी सुचले. मी म्हटले, "येतील ते, बाई. पश्चिमेच्या दाराशी थांबले असतील. चला, आधी तुमची प्रदक्षिणा पुरी होऊ द्या." आणि मी वळून तिच्या दिशेने चालू लागलो. ती दोन पावले अंतर राखून चालली.

वाटेत ती तिच्या नवऱ्याविषयी सांगत होती. ते शाळेत संस्कृत शिकवतात. चहा गार करून पितात आणि मग गार झाला म्हणून तक्रार करतात. माणूस चांगला, पण घरात असला तरी पुस्तकात असतो. एकदा मला समुद्रापलीकडचं देऊळ दाखवणार आहेत. हे सगळे तिने एका अनोळखी गुरुजीला सांगितले. मी हूं हूं करत होतो. माझ्याविषयी इतक्या मायेने ती माझ्यापाशी कधी बोलली नव्हती.

पश्चिमेच्या दाराशी मंडळी आम्हांला बघून धावली. थोरल्या बहिणीने तिला मिठी मारली. पत्नीने सगळे शांतपणे करू दिले, मग माझ्याकडे वळली. वाट दाखवणाऱ्या ब्राह्मणाला रिकामे कसे पाठवायचे, या तिच्या जुन्या रीतीने ती खाली वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. अशा वेळी काय म्हणायचे ते मला पाठ आहे. कितीतरी नववधूंना मी ते म्हटले आहे. त्या दिवशी मात्र जीभ उचलेना. ती वाकलेलीच राहिली, आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठायचे नसते म्हणून. शेवटी मी म्हणालो, "अखंड सौभाग्यवती भव." ती समाधानाने उठली आणि गर्दीत नवऱ्याला शोधू लागली.

त्यानंतरचे दिवस मी गुरुजी म्हणून काढले. परक्या पुरुषाबरोबर एका खोलीत राहायला ती तयार होईना, म्हणून थोरली बहीण तिच्याजवळ राहिली. मंडळींनी फार सांभाळून घेतले. कळव्याच्या मुलीने काही आठवेल या आशेने माझ्याकडचे आमच्या लग्नातले छायाचित्र तिला दाखवले. पत्नीने त्यातल्या तरुणावर बोट ठेवले. "हेच आमचे. कुठं राहिलेत कोण जाणे." पुन्हा दाखवू नकोस, असे मी मुलीला सांगितले.

विमानतळावर मुलगा घ्यायला आला होता. त्याला तिने ओळखले. त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारले, "तुझे बाबा नाही आले?" मुलाने माझ्याकडे बघितले. मग त्याने तिची पेटी उचलली.

वर्ष झाले. मी अजून तोच गुरुजी आहे. आरंभी मी काही उपाय केले. संध्याकाळी विजार आणि सदरा घालून जिन्यात उतरायचो, घंटी वाजवून पुन्हा यायचो. ती दार उघडून म्हणायची, "हे बाहेर गेलेत. बसा ना." ते मी सोडून दिले. तिच्या नवऱ्याचे पान ती रोज वाढते आणि झाकून ठेवते. मी ते नंतर जेवतो. देवाला मी काही विचारत नाही. विचारावे असे बळ आता उरलेले नाही, आणि उत्तर येईल असेही वाटत नाही.

दिवा लागल्यावर नावे मात्र होतात, एक ओळ मी आणि एक ओळ ती. नंतर ती वाकून नमस्कार करते आणि मी तोच आशीर्वाद देतो. त्याचा अर्थ आता मला पुरता उमगला आहे. नवऱ्याच्या आधी तिने जावे, असाच तो आशीर्वाद आहे. कोणे एके काळी मी तो केवळ रीत म्हणून उच्चारीत असे. आता मी रोज मनापासून देतो, कारण माझ्यामागे ती राहिली, तर दाराकडे डोळे लावून बसलेल्या या बाईला "येतील ते" एवढे सांगायलाही कोणी असणार नाही. एवढेच एक मागणे माझ्यापाशी शिल्लक आहे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, नारायण तुमचे कल्याण करो. तुमच्या घरी सांजवेळी परतणाऱ्याला दार उघडणारा चेहरा ओळखीने उजळो. जे तुमचे आहेत त्यांच्या मनात तुमची जागा अढळ राहो, आणि तुमच्या कुळात कोणालाही आपल्याच माणसाला आपली ओळख सांगण्याची पाळी न येवो. शुभं भवतु.